सफरचंदाच्या झाडाची डीएनए चाचणी: नाव मिळालं नाही, तरी पैसे वाया गेले नाहीत

माझ्या सफरचंदाच्या झाडाचा वाण कोणता, हे कळावं म्हणून डीएनए चाचणी करून घेतली. ‘संदर्भसंग्रहात (म्हणजे ओळखीच्या वाणांच्या नोंदींत) जुळणी आढळली नाही.’ पूर्ण शुल्क घेऊन, महिनोन्महिने वाट पाहायला लावून चाचणीवाल्यांनी मला एवढंच कळवलं. मी भयंकर चिडले होते. आज मत बरंच बदललंय, पण एक तक्रार कायम आहे.

नमुना पाठवणं अवघड नाही. कोवळी पानं सिलिका जेलमध्ये वाळवून कागदी पाकिटात घालायची. पानं मात्र कलमाच्या सांध्याच्या वरचीच हवीत. बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्याची गेली, तर अहवाल खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचा येतो.

आता तक्रार. ते आकड्यांचा तक्ता देत नाहीत! या चाचणीत डीएनएमधल्या ठरावीक जागांवरच्या तुकड्यांची लांबी मोजतात. ते आकडे हीच झाडाची ओळख. सफरचंदाचे वाण कलमानेच वाढवतात, त्यामुळे एका वाणाच्या सगळ्या झाडांचे आकडे सारखे येतात. हनीक्रिस्प या वाणाचे आईबाप म्हणून मॅकून आणि हनीगोल्ड या वाणांची नोंद होती. ते दोघंही नव्हेत हे डीएनएनेच दाखवलं. म्हणजे खरा ऐवज आकड्यांतच आहे. आणि पैसे मी मोजलेत, तर आकडे मला का नाहीत? प्रत्येक ईमेलला तेच उत्तर, ‘अहवालात तक्ता समाविष्ट नसतो.’ वरपर्यंत तक्रार नेली, तेव्हा कुठे फाइल आली.

ती उघडली आणि राग निवळला. बहुतेक सफरचंदांत गुणसूत्रांच्या १७ जोड्या असतात, म्हणून एका जागी फार तर दोन आकडे दिसतात. माझ्या झाडाच्या रांगेत मात्र जागोजागी तीन. झाड ट्रिप्लॉइड आहे, म्हणजे गुणसूत्रांच्या दोनऐवजी तीन संचांचं, एकूण ५१ गुणसूत्रांचं, ब्रॅमली किंवा ग्रॅव्हनस्टाइन या वाणांसारखं. अशा झाडाचे परागकण फारसे कामाचे नसतात, आणि सफरचंदाला फळ धरायला सहसा दुसऱ्या वाणाचे परागकण लागतात. शेजारचं दुसऱ्या वाणाचं झाड फुलांनी लगडूनही फळ का धरत नाही, याचा उलगडा त्या तिसऱ्या आकड्याने केला. अहवालात याबद्दल चकार शब्द नव्हता! आता चांगले परागकण देणारं तिसरं झाड लावणार आहे.

पुढे आणखी एक सुखद धक्का बसला. दुसऱ्या कुणाच्या तरी अनोळखी झाडाचे आकडे माझ्या झाडाशी तंतोतंत जुळल्याचं त्यांनी आपणहून कळवलं. बीपासून उगवलेल्या रायवळ झाडाला असं जुळं सापडत नाही. म्हणजे हा वाण कुणीतरी आवडीने कलम करून वाढवलेला आहे. संग्रहात नवे नमुने येत राहतात, तसं एखाद दिवशी नावही कळेल.

रेड डिलिशसचे रंगाने वेगळे असलेले उपप्रकार ओळखायचे असतील, तर या चाचणीच्या नादी लागू नका. त्यांचे आकडे सारखेच येतात. बाकीच्यांनी जरूर करावी. पाचपैकी साडेतीन तारे, दीड तारा तक्त्यासाठी कापला. शुल्क भरण्याआधी तक्ता देण्याचं लेखी कबूल करून घ्या.