समृद्धी महामार्ग, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: टायर नवे, व्हॉल्व्ह जुने

जालन्याहून शिर्डी-नाशिककडे नेहमी जाणं असेल, तर समृद्धीला तोड नाही. जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाल्यापासून तर मुंबईही एका दमात गाठता येते. हे लिहायचं कारण मात्र रस्ता नाही, टायर आहे. वैजापूरच्या अलीकडे मागचा टायर गेला आणि दुकानदाराने वॉरंटी नाकारली: आत गोल रिंग पडलीय, कमी हवेवर चाललाय.

रिंग खरीच होती. पण हवा गेली व्हॉल्व्हमधून. टायर नवे बसवताना त्याच दुकानाने जुने रबरी व्हॉल्व्ह तसेच ठेवले होते. बुडाशी बारीक तडा होता. गाडी उभी असताना तो मिटलेला राहतो. वेगात व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला वाकतो, तडा उघडतो आणि हवा झिरपते. तपासायचं असेल तर बुडाला साबणाचं पाणी लावा आणि अंगठ्याने व्हॉल्व्ह आडवा दाबा. बुडबुडे आले की बदला. चहा-नाश्त्याच्या पैशांत होणाऱ्या कामासाठी अख्खा टायर घालवायचा, हे संतापजनक आहे.

समृद्धीचं काँक्रीट टायर खातं, नायट्रोजन भरा, असं सगळे सांगतात. सुरुवातीला पटलंही होतं, आता नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि तापते. जुन्या जालना रोडवर सिग्नल, खड्डे, ट्रक यांमुळे वेग सारखा तुटतो. इथे १२० वर तासभर ब्रेकला पाय लागत नाही, म्हणून उष्णता साठत जाते. त्यामुळे ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा’ हा सल्ला घातकच. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाहून थंड टायरमध्ये भरा. गाडी भरलेली असेल तर त्याच स्टिकरवरचा मोठा आकडा. चालल्यावर हवा तीन-चार पीएसआय वाढलेली दिसली तरी काढू नका. टायरवरचे चार अंकही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

टोलचं म्हणाल तर, कारला किलोमीटरमागे दोन रुपयांच्या वर पडतो. जालना ते संभाजीनगर एवढंच जायचं असेल तर समृद्धी घेऊ नका. निधोन्याला चढून सावंगीला उतरायचं आणि पुढे हर्सूलच्या गर्दीतून शहरात शिरायचं; सिडको-चिकलठाण्याला जाणाऱ्याला जुना रस्ताच बरा. दुचाकी आणि ट्रॅक्टरला तर समृद्धीवर बंदीच. ज्यांच्या शेतांमधून रस्ता गेला, त्यांच्या वाट्याला भुयारी मार्ग तेवढे आले. तिथे पावसाचं पाणी साचू न देणं ही देखभालीतली पहिली गोष्ट असायला हवी.

आणि नवे टायर घेताना बिलावर व्हॉल्व्ह वेगळे लिहून घ्या. चार नाही, पाच, स्टेपनीचाही.