‘ईएसएक्सआय ८ टेस्टेड’ म्हणून गळ्यात मारलेला जुना सर्व्हर

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं कोटेशन साधारण असं असतं: डेल आर७२०, ड्युअल झिऑन ई५-२६७०, ३२ कोअर, १२८ जीबी रॅम, ईएसएक्सआय ८ इन्स्टॉल्ड अँड टेस्टेड, लाइफटाइम लायसन्स, ७ दिवस चेकिंग वॉरंटी. ईएसएक्सआय म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आतले संगणक) चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरव्हायझर. सोबत त्याच्या पिवळ्या-करड्या स्क्रीनचा फोटो आणि त्यावर ८.० ठळक दिसणारं. फोटोत काही गडबड नसते. गडबड असते ती ही स्क्रीन कशी आणली यात, आणि ती फोटोत दिसत नाही.

असा एक सर्व्हर एका छोट्या अकाउंटिंग ऑफिसात टॅली आणि फाइल सर्व्हरसाठी बसवला गेला. काही महिने कुरकुर न करता चालला. मग एके दिवशी रीबूटनंतर बूट मीडियाच सापडेना. आत ईएसएक्सआय एका एसडी कार्डावर टाकलेलं होतं आणि ते कार्ड मेलं होतं. तंत्रज्ञाने अधिकृत आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) पेन ड्राइव्हवर घेऊन नव्याने इन्स्टॉल करायला घेतलं, तर इन्स्टॉलर लाल अक्षरात अडला: या होस्टमधला (सर्व्हरमधला) सीपीयू ईएसएक्सआय ८ ला सपोर्टेड नाही. विक्रेत्याला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, ‘आमच्याकडे तर चालत होता ना!’

चालत होता, हे खरंच आहे. ई५-२६७० म्हणजे सँडी ब्रिज पिढी, २०१२ ची. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ईएसएक्सआय ८.० ने ही पिढी सपोर्टेड सीपीयूंच्या यादीतून काढून टाकली. पण इन्स्टॉलर सुरू होताना शिफ्ट आणि ओ दाबून बूटच्या ओळीत ‘अलाउलेगसीसीपीयू=ट्रू’ एवढं जोडलं की तपासणी अडवत नाही. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या बूटला तेच पुन्हा करायचं आणि मग बूटबँकमधल्या (बूटच्या फाइल असलेल्या भागातल्या) ‘बूट डॉट सीएफजी’ फाइलमध्ये ‘कर्नलऑप्ट’ ओळीला ते कायमचं चिकटवायचं. दहा मिनिटांचं काम. घरच्या लॅबमध्ये शिकायला लोक हे राजरोस करतात आणि त्यात वावगं काही नाही. वावगं आहे ते ही ओळ लपवून ‘टेस्टेड’ म्हणून पक्कं बिल फाडणं.

त्याच कोटेशनमधले ‘३२ कोअर’ बघा. ई५-२६७० ला ८ कोअर आहेत. दोन सीपीयूंचे १६ झाले, ३२ हे थ्रेड, म्हणजे प्रत्येक कोअरचे दोन आभासी भाग. शिवाय नावामागचा ‘व्ही’ गायब आहे. ई५-२६७० व्ही२ हा आयव्ही ब्रिज, १० कोअरचा. व्ही३ हा हॅसवेल, १२ कोअरचा, आणि त्याचं सॉकेटच वेगळं, म्हणजे तो आर७२० मध्ये बसतच नाही, आर७३० लागतो. कोटेशनवर नुसतं ‘ई५-२६७०’ लिहून तोंडाने ‘व्ही२ च आहे साहेब’ म्हणणं ही नेहमीची चाल. बिलावर पूर्ण नाव, व्ही सकट, लिहून घ्या. नकार मिळाला तर तिथूनच उठा.

आर७२० च्या आधीचा आर७१० आणि त्याच्या पिढीचे सर्व्हर तर आणखी खोल खड्डा. त्यातला एक्स५६०० मालिकेचा सीपीयू वेस्टमियर, तो २०२० च्या ७.० मध्येच बाद झाला. ‘अलाउलेगसीसीपीयू’ची ती ओळ टाकून ८.० ची सुरुवातीची आवृत्ती त्यावर चढवता येते, आणि विक्रेता बरोबर तिथेच थांबतो. कारण ८.० अपडेट २ पासून सीपीयूत एक्ससेव्ह हे इन्स्ट्रक्शन (सीपीयूला कळणारी एक आज्ञा) लागतंच आणि वेस्टमियरमध्ये ते नाही. तिथे कुठलीही ओळ कामाला येत नाही. म्हणजे सिक्युरिटी पॅच टाकायला जाल तर होस्ट उठणार नाही, आणि न टाकाल तर भोकं उघडी ठेवून धंदा करायचा. व्हर्च्युअल मशीनच्या आतही हाच सीपीयू नडतो: मोंगोडीबी या डेटाबेसच्या ५.० आणि पुढच्या आवृत्त्यांना एव्हीएक्स हा सीपीयूचा आज्ञासंच लागतो, तो वेस्टमियरवर नाही. रेड हॅट लिनक्स १० ला एव्हीएक्स२ च्या पातळीचा सीपीयू लागतो, म्हणजे आर७२० सुद्धा बाद.

सीपीयूवर सगळ्यांची नजर जाते, डिस्क जोडणाऱ्या कंट्रोलर कार्डावर आणि नेटवर्क कार्डावर जात नाही. ७.० मध्ये जुन्या लिनक्स पद्धतीचे ड्रायव्हर चालवणारा व्हीएमकेलिनक्स हा थरच काढून टाकला. त्यामुळे डेलच्या पर्क ६/आय सारख्या रेड कार्डामागच्या (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डामागच्या) डिस्क दिसतच नाहीत. (ते कार्ड तसंही २ टीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखत नाही.) मेलानॉक्स कनेक्टएक्स-३ हे १० गिगाबिटचं स्वस्त कार्ड ७ मध्ये चालतं, ८ मध्ये त्याचा ड्रायव्हर नाही. ‘१० जी कार्ड फ्री देतो’ असं ऐकलं की मॉडेल विचारा.

काही विक्रेते यावर उपाय म्हणून बदललेला आयएसओ वापरतात, कुठून तरी मिळालेले ड्रायव्हर आत घुसवून. हे सगळ्यात धोक्याचं. २०२२ मध्ये मँडियंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की हल्लेखोर ईएसएक्सआयमध्ये व्हीआयबी पॅकेजच्या (ईएसएक्सआयवर सॉफ्टवेअर टाकण्याच्या फाइलच्या) रूपात मागचं दार बसवतात, आणि पॅकेजच्या वर्णनात ‘पार्टनरसपोर्टेड’ असा खोटा दर्जा लिहून ठेवतात. यादीत ते सोज्वळ दिसतं. खरं-खोटं कळतं ते डिजिटल सही तपासल्यावर, आणि ईएसएक्ससीएलआय या ईएसएक्सआयच्या कमांड लाइनमध्ये व्हीआयबीची सही तपासण्याची वेगळी आज्ञा आहे. दुसऱ्याने इन्स्टॉल करून दिलेला हायपरव्हायझर कामाला लावूच नये. डिस्क पुसा आणि स्वतः टाका.

आता ‘लाइफटाइम लायसन्स’. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतलं आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्रीच थांबवली. तेव्हा आज कोणी नवं लाइफटाइम लायसन्स विकत असेल तर ती चोरीची की असते, नाहीतर ६० दिवसांची इव्हॅल्युएशन. ६० दिवस संपले की चालू मशीन चालू राहतात, पण एकदा बंद झालेलं परत सुरू होत नाही. म्हणून फसवणूक उघडकीला येते ती वीज गेल्यावर, ७ दिवसांची वॉरंटी कधीच संपलेली असताना. मोफत आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली होती, एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई सोबत परत आली. पण तिला व्हीसेंटर (अनेक होस्ट एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) जोडता येत नाही, एका मशीनला ८ व्हीसीपीयूंच्या (आभासी सीपीयूंच्या) वर देता येत नाहीत आणि एपीआयवर चालणारी बॅकअप सॉफ्टवेअर तिच्यावर चालत नाहीत. तीच दाखवून ‘एंटरप्राइझ’चे पैसे घेतले जातात.

पैसे देण्याआधी दुकानातच हे करा. स्वतः डाउनलोड केलेला, हात न लावलेला आयएसओ पेन ड्राइव्हवर न्या. विक्रेत्याला कीबोर्डपासून लांब उभं करा आणि रिकाम्या डिस्कवर इन्स्टॉल सुरू करा. पिवळा इशारा आला तर पुढची आवृत्ती मिळणार नाही असं समजा, एरर आली तर विषय संपला. विक्रेत्याने टाकलेलंच बघायचं असेल तर एसएसएच (दूरून कमांड देण्याची सोय) चालू करून बूट डॉट सीएफजी उघडा, लायसन्सच्या पानावर मुदत बघा, स्टोरेज अ‍ॅडॅप्टरच्या यादीत रेड कार्ड आहे का बघा, आणि बूट कशावरून होतंय ते बघा. एसडी कार्ड असेल तर नको. ७.० पासून सिस्टीम त्यावर इतकं लिहिते की कार्ड लवकर जातं. किमान ३२ जीबीची, शक्यतो त्याहून बरीच मोठी, खरी डिस्क किंवा एसएसडी बूटसाठी हवी.

एनीडेस्कवरचा डेमो मान्य करू नका. तो भलत्याच मशीनवरचा असू शकतो. आयड्रॅक (डेल सर्व्हर दूरून सांभाळायचं पान) उघडून सर्व्हिस टॅग बघा आणि तो पेटीवरच्या टॅगशी जुळवा. डिस्कचे तास बघायला लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह लागतो. रेड कार्डामागची डिस्क असेल तर स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेला मेगारेडचा पर्याय देऊन प्रत्येक डिस्कचा क्रमांक सांगावा लागतो, नाहीतर ते कार्डाचीच माहिती दाखवतं. ब्रॉडकॉमच्या कंपॅटिबिलिटी गाइडमध्ये (काय कशावर चालतं याच्या यादीत) शोधताना सर्व्हरचं नुसतं मॉडेल टाकून थांबू नका. एकाच मॉडेलसाठी सीपीयू मालिकेनुसार वेगळ्या नोंदी असतात.

सर्व्हर आधीच घेऊन बसला असाल तर पहिलं काम बॅकअप. इव्हॅल्युएशन संपलेली असेल तर कुठलंही मशीन बंद करण्याआधी आतल्या डेटाची प्रत मशीनच्या आतूनच बाहेर काढा. मग एक-एक मशीन बंद करून डेटास्टोअरमधल्या (मशीनच्या फाइल ठेवायच्या जागेतल्या) फाइल एसएसएचवरून दुसऱ्या डिस्कवर घ्या. आर७२० सारखं यंत्र भंगारात टाकायची गरज नाही, प्रॉक्समॉक्स हा दुसरा हायपरव्हायझर त्यावर नीट चालतो आणि मार्च २०२४ पासून त्यात ईएसएक्सआयवरून मशीन ओढून घेण्याचा विझार्ड आहे. विंडोजचं मशीन आणल्यावर बूट डिस्क आधी साटावर ठेवा, आत व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीचा) ड्रायव्हर टाका, मगच डिस्क व्हर्टआयओवर न्या. उलट केलंत तर निळी स्क्रीन ठरलेली. पर्क कार्ड रेडमध्येच ठेवणार असाल तर त्यावर झेडएफएस ही फाइल सिस्टीम नको, एलव्हीएम-थिन ही साठवणीची पद्धत वापरा.

पैसे परत मागायचे असतील तर कोटेशनचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश, बिल, सर्व्हिस टॅगचा फोटो, इन्स्टॉलरच्या एररचा फोटो आणि बूट डॉट सीएफजीचा फोटो, एवढं लगेच जपून ठेवा, नव्याने इन्स्टॉल करण्याआधी. ती ओळ पुसली गेली की ‘लपवलं’ हे सिद्ध करायला हातात काही उरत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठीची खरेदी येत नाही, स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला तेवढी सूट आहे. कंपनीच्या नावावर बिल असेल तर बहुतेकदा वकिलाची नोटीस हा रस्ता, आणि तिथे बिलावर ‘ईएसएक्सआय ८ सपोर्टेड’ लिहिलंय की ‘टेस्टेड’, यावर बरंच काही अवलंबून राहतं.