फॅन्टसी कादंबरी लिहून झाली. आता प्रकाशक की स्वतःच?

ऐरोली-घणसोलीतली नोकरी सांभाळून चारशे पानांची फॅन्टसी लिहून संपवली की पहिला हिशेब टक्क्यांचा होतो. प्रकाशक दहा टक्के देणार, अमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तकाला सत्तर मिळतात. मग प्रकाशकाचे उंबरे झिजवायचे कशाला? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. फॅन्टसी सहसा एका भागात आटोपत नाही. दुसरा भाग कधी यायचा आणि यायचा की नाही, हे कुणाच्या हातात राहणार, ते आधी बघा.

तरी आकडे मांडूच. ५०० प्रतींची आवृत्ती, किंमत ४०० रुपये, रॉयल्टी १० टक्के धरली, तर सगळ्या प्रती खपल्यावर २० हजार रुपये. किंडलचे ७० टक्के सरसकट नसतात. भारतातल्या विक्रीवर तो दर हवा असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ई-पुस्तक फक्त अमेझॉनवर विकण्याच्या योजनेत, घालावं लागतं आणि त्या ९० दिवसांच्या मुदतीत ई-पुस्तक इतरत्र विकता येत नाही. नाहीतर दर ३५ टक्के. तरीही दीडशेच्या ई-पुस्तकामागे पन्नासेक रुपये सुटतात, कागदी प्रतीमागच्या चाळिसापेक्षा जास्तच. फक्त घेणारे तेवढे हवेत. कुठल्याही रस्त्याने गेलात तरी राजीनामा लिहू नका.

प्रकाशकाकडे जाण्याचं खरं कारण म्हणजे पैसे त्याचे लागतात आणि वाटा त्याला ठाऊक असतात. मराठी पुस्तकांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे वाचनालयं. आपल्या ठाण्यातलंच मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. अशा संस्थांच्या खरेदीपर्यंत प्रकाशकाची यादी आपसूक पोचते. एकट्या लेखकाला पिशवी खांद्याला लावून फिरावं लागतं. चांगला संपादक मिळाला तर तिसऱ्या प्रकरणातला मेलेला सेनापती अकराव्यात बोलताना तोच पकडतो. तोटा म्हणजे थांबणं. होकाराला महिने जातात, छपाईला आणखी. आणि पहिला भाग पडून राहिला तर दुसऱ्यावर पैसे घालायला कुणी धजत नाही.

म्हणून करारात अडकू नका. ‘सर्व हक्क’ आणि ‘पुढील सर्व भाग’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. कागदी पुस्तकाचे हक्क द्या. ई-बुक आणि ऑडिओचे वेगळे ठेवा. स्टोरीटेल हे ऑडिओ पुस्तकांचं अ‍ॅप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठीत ऐकणारा वर्गही आहे आणि भागांची गोष्ट कानाला चांगली मानवते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास, ते संपतात. हे ‘वेगळं काही’ बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं.

स्वतः काढायचं तर मोकळीक पूर्ण: मुखपृष्ठ तुमचं, नकाशा तुमचा, दुसरा भाग पुढच्या दिवाळीला म्हणजे दिवाळीला. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो. त्याचे पैसे लावणारं ‘पॅकेज’ कुणी पुढे केलं तर बाकीचे आकडेही तपासा. डीटीपीवाल्याकडून फाइल युनिकोडमध्येच घ्या. जुन्या फॉन्टमधली फाइल ई-बुक करताना जोडाक्षरांचा चुराडा करते. मुद्रितशोधनाचे पैसे वाचवू नका. विक्रेता सूट मागणार, तीही बरीच, आणि पैसे सावकाश देणार. शिवाय ५०० प्रती घोडबंदरच्या वन बीएचकेत ठेवायच्या कुठे? पलंगाखाली ठेवल्या तर जुलैतली ओल पानांना लागते. आधी शंभरच छापा, प्रतीमागे महाग पडलं तरी.

पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही बघून ठेवा.

तीनही भाग लिहून तयार असतील तर मी स्वतःच काढेन: ई-बुक आधी, कागद मागाहून, दोन भागांत चार-सहा महिन्यांचं अंतर. वाचकाला गोष्ट पूर्ण मिळणार याची खात्री तिथे तुम्हीच देऊ शकता. एकच भाग झाला असेल आणि तो स्वतंत्रपणे वाचता येत असेल तर प्रकाशक. त्याच्या होकाराची वाट बघण्यात जाणारं वर्ष दुसऱ्या भागाला लागणारच आहे.