मिनॉक्सिडिल, फिनास्टराइड आणि ट्रान्सप्लांट: तीन वर्षांनंतरचा अनुभव

ज्या क्लिनिकमध्ये केसांचं ट्रान्सप्लांट केलं तिथून परवा फोन आला, "सर, सेकंड सिटिंगवर ऑफर चालू आहे, भोवऱ्याजवळचं पण भरून घ्या." डोकंच सटकलं. भोवऱ्याजवळचे केस का गेले हे त्यांना माहितीये, म्हणून आज सगळं लिहून काढतोय.

मिनॉक्सिडिल ५ टक्के (केस वाढायला डोक्याला लावायचं औषध) जून २०२२ पासून लावतोय. पहिल्या दीड महिन्यात केस गळतात हे तुम्हाला माहिती असेलच, माझे पण गळले, अंघोळीनंतर जाळीवर एवढा पुंजका निघायचा की आई म्हणाली, "बंद कर रे बाबा ते औषध, आहेत तेवढे तरी राहू देत." जुने केस ढकलले जाऊन नवीन चक्र सुरू होतं म्हणून हे होतं, चौथ्या महिन्यात फरक दिसला. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती ड्रॉपरची. ६० मिलीची बाटली, सकाळ-संध्याकाळ एक एक मिली, म्हणजे बरोबर ३० दिवस जायला पाहिजे. माझी २२ दिवसात संपायची. मी समजायचो आपणच जास्त लावतोय. मग एकदा ड्रॉपर खुणेपर्यंत भरून ते औषध सिरिंजमध्ये ओतून मोजलं तर सव्वा मिली भरलं! त्यात दोन आठवड्यांनी रबर सैल पडतं, डोक्यापर्यंत नेईस्तोवर टपटप गळतं, कपाळावर ओघळतं, कानामागे जातं, उशीचा अभ्रा चिकट होतो. कपाळाच्या कडेला बारीक लव आली ती याच ओघळण्यामुळे, असं स्किनच्या डॉक्टरांनीच सांगितलं. वर्षाला चार बाटल्या जास्त लागल्या मला, आणि एका बाटलीला साडेसहाशे धरा. इतक्या वर्षांचं जुनं औषध आहे हे, मूळ ब्लड प्रेशरची गोळी, ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्याला लावायचं झालं, अमेरिकेत १९८८ मध्ये मंजुरी मिळाली, आणि अजून कुणाला धड ड्रॉपर करता येत नाही?

फिनास्टराइड (टक्कल पाडणारं डीएचटी हार्मोन कमी करणारी गोळी) ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. इथे मी पैसे वाचवायला गेलो. १ मिग्रॅच्या स्ट्रिपपेक्षा प्रोस्टेटवाली ५ मिग्रॅची स्वस्त पडते, ती आणून ब्लेडने चार तुकडे करायचो, किचनच्या ओट्यावर. भुगा पडायचा तो हाताने झटकायचा. साइड इफेक्टची फार भीती होती (लैंगिक इच्छा कमी होणं वगैरे, काहींना होतं हे खरंय), मला पहिले दोन-तीन आठवडे थोडं जाणवल्यासारखं वाटलं, नंतर काही नाही. गणपतीत मंडळाच्या रक्तदान शिबिरात गोळीचं सांगितलं तर त्यांनी परत पाठवलं, बंद करून महिना झाल्याशिवाय रक्त चालत नाही, कारण ते गरोदर बाईला दिलं गेलं तर पोटातल्या बाळाला, मुलगा असेल तर, त्रास होऊ शकतो. ते ऐकून सुद्धा ओट्यावरच्या भुग्याचा विचार माझ्या मनात आला नाही. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

ट्रान्सप्लांट फेब्रुवारी २०२४, पुण्यात, २२०० ग्राफ्ट (डोक्याच्या मागून मुळासकट काढून पुढे लावलेले केसांचे बारीक पुंजके), ४० रुपये ग्राफ्टने ८८ हजार. दुखतं ते फक्त भुलीच्या इंजेक्शनला, बाकी आठ तास पडून मान अवघडते. तिसऱ्या दिवशी डोळे सुजले, दहा दिवसात खपल्या पडल्या, तीन आठवड्यात लावलेले केस गळाले (मुळं आत राहतात, घाबरू नका), चौथ्या महिन्यापासून बारीक कोंब.

आता मुख्य गोष्ट. खपल्या काढायला गेलो तेव्हा काउन्सिलर मॅडम म्हणाल्या, "आता परमनंट केस आलेत सर, गोळीची गरज नाही." डॉक्टर नाही, काउन्सिलर. त्याच महिन्यात बायकोला दिवस गेल्याचं कळलं, तिने ओट्यावर ब्लेड बघितलं आणि म्हणाली, "हे आधी बंद कर." मी त्याच दिवशी गोळी बंद केली, जवळजवळ वर्षभर.

फेब्रुवारी २०२५ ला चेकअपला गेलो तर पुढची लाइन मस्त, भोवऱ्याभोवती मात्र टाळू चमकतेय. क्लिनिक म्हणालं सेकंड सिटिंग. मी दुसऱ्या स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पाच मिनिटात समजावलं: मागचे केस डीएचटीला दाद देत नाहीत म्हणून पुढे लावले तरी टिकतात, पण मधले तुमचे मूळचे आहेत, ते गोळीवर तगून होते. लावलेले राहिले, होते ते गेले. शिवाय डोक्याच्या मागचा साठा मर्यादित असतो, काढलेला ग्राफ्ट तिथे परत उगवत नाही, त्यामुळे मी ३५ व्या वर्षीच सगळा वापरला तर पुढे काय. आणि बायकोचं विचारलं तर म्हणाले धोका तुटलेल्या गोळीचा, भुग्याचा, तो गरोदर बाईच्या हाताला लागला तर. कोटिंगवाली अख्खी १ मिग्रॅ घेतली असती तर बंद करायची गरजच नव्हती. माझे महिन्याचे दीडशे-दोनशे वाचले आणि वर्षभराचे केस गेले.

खरं सांगू, लिहायला बसलो तेव्हा 'ट्रान्सप्लांट करू नका' असंच लिहिणार होतो. पण मधेच उठून मोबाइलमधले फोटो बघितले, दर एक तारखेला बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली काढतो ते. २०२२ चं कपाळ आणि आत्ताचं शेजारी ठेवलं तर काम चांगलं झालंय, हे मान्य करावं लागेल. माझा राग ऑपरेशनवर नाही, काउन्सिलरच्या त्या 'गोळीची गरज नाही' वाक्यावर आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ट्रान्सप्लांट प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावं असं सांगितलंय, पण नंतरचा सल्ला कोण देतो हे पण बघा, गोळी चालू-बंद करायचं डॉक्टरच्या सहीने कागदावर घ्या.

गोळी परत चालू करून आठ महिने झाले, अख्खी, कोटिंगवाली, कपाटात वरच्या खणात. भोवऱ्याजवळ थोडं भरलंय, आधीइतकं नाही. मुलगी अकरा महिन्यांची आहे, केस ओढते, लावलेले सुद्धा घट्ट आहेत.

आणि ड्रॉपर फेकून द्या. मेडिकलमध्ये एक मिलीची सिरिंज मागितली की इन्सुलिनची देतात, ती नको, तिच्यावर युनिटच्या खुणा असतात आणि बऱ्याचदा सुई निघत नाही. 'ट्यूबरक्युलिन सिरिंज, सुई काढून' असं सांगा. माझी बाटली आता बरोबर तिसाव्या दिवशी संपते.