शाळेसाठी व्हॉट्सअ‍ॅप, गूगल क्लासरूम की दीक्षा?

जून जवळ आला की मुंबईतल्या मराठी शाळांच्या बैठकांत हा विषय निघतोच. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच चालू द्यायचं, गृहपाठ देण्या-घेण्याच्या गूगल क्लासरूमवर जायचं, की सरकारी दीक्षा घ्यायचं? संस्थेला काहीतरी नवं हवं असतं, जुन्या शिक्षकांना आहे ते बरं वाटतं आणि निर्णय मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडतो. माझं मत आधीच सांगते. निरोपासाठी व्हॉट्सअ‍ॅपला तोड नाही. अभ्यासासाठी मात्र त्याच्याइतकी गैरसोयीची जागा नाही. दोन्ही कामं एकाच ग्रुपमध्ये कोंबली की दोन्ही बिघडतात.

आधी निरोपाचं बघू. दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेत सकाळचे शिक्षक निघतात तेव्हा दुपारचे आत येत असतात. गाठ पडली तर जिन्यातच. सूचना वही घेऊन शिपाईमामा वर्गावर्गात फिरतात, सह्या होतात, पण रजेवरच्या बाईंना परिपत्रक कळायला दोन दिवस जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर ते त्याच मिनिटाला पोचतं. शिवाय ग्रुपमधल्या आपल्याच संदेशावर बोट दाबून धरलं आणि माहिती उघडली, की कोणी वाचलं आणि कोणाला नुसतं पोचलं हे नावानिशी दिसतं. निळ्या खुणा बंद ठेवणाऱ्यांचंही ग्रुपमध्ये कळतं. क्लासरूममध्येही सूचना टाकता येते, पण ती पाहायला अ‍ॅप पहाटे पावणेसहाला कोणी उघडत नाही.

जुलैत याचं महत्त्व कळतं. रात्रभर कोसळलाय, सकाळ अधिवेशनाची मुलं साडेसहाला घराबाहेर पडणार, आणि पालकांच्या ग्रुपवर सुट्टीच्या पत्रकाचा फोटो फिरतोय. पत्रक खरंच असतं, तारीख गेल्या वर्षीची. म्हणून पालकांसाठी फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असाच ग्रुप हवा. महापालिकेच्या अधिकृत एक्स खात्यावर खात्री करून एकाच व्यक्तीने त्यावर निरोप टाकावा.

साध्या ग्रुपपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपची कम्युनिटी चांगली. अनेक ग्रुप एकाच छत्राखाली आणणारी ही सोय २०२२ मध्ये आली. तिच्या घोषणा ग्रुपमध्ये पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त अ‍ॅडमिनला दिसतात. साध्या ग्रुपमध्ये वर्गातल्या प्रत्येक आईचा नंबर पन्नास अनोळखी लोकांच्या हाती जातो. ही गोष्ट शाळांनी फार हलक्यात घेतली आहे.

शिक्षकांसाठी दोन ग्रुप करा. एक फक्त सूचनांचा, दुसरा वाढदिवस आणि गप्पांचा. रात्री आठनंतर तातडीचं काम सोडून सूचना टाकायची नाही, हा नियम मुख्याध्यापकांनी आधी स्वतःला लावावा. आणि सूचना वही बंद करू नका. वाचल्याची खूण म्हणजे सही नव्हे. परीक्षेच्या किंवा निवडणुकीच्या कामाचा आदेश असेल तेव्हा सहीच लागते. शिवाय २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मोबाइलनेही मान टाकली होती. पालकांच्या नंबरांची आणि पत्त्यांची छापील यादी कार्यालयात हवीच.

आता अभ्यास. व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ मागवणाऱ्या बाईंचा फोन एकदा बघा. ४५ मुलांच्या वह्यांचे फोटो, निम्मे आडवे, काहींवर आईच्या अंगठ्याची सावली. नाव कुठेच नाही, कारण नंबर बाबांचा आणि तो 'साई कृपा' नावाने दिसतोय. त्यातच कोणीतरी विचारतं, उद्या पीटीचा गणवेश आहे का. कोणाचा गृहपाठ आला नाही हे शोधायला हजेरीपट घेऊन बसावं लागतं.

क्लासरूममध्ये हेच काम पाच मिनिटांत होतं. प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचं काम, न दिलेल्यांची यादी वेगळी, शेरा त्या मुलापुरताच. वर्गासमोर कोणाची चूक उघडी पडत नाही. बुजऱ्या मुलासाठी हे फार मोलाचं आहे. सुरुवातीला एक अडचण हमखास येते. मुलं फोटो जोडतात आणि शेवटचं जमा करण्याचं बटण दाबायला विसरतात. पहिले काही आठवडे वर्गात फोन दाखवून ते बटण शिकवावंच लागतं.

पण क्लासरूम फुकट आहे म्हणजे बिनखर्चाचं आहे असं नाही. पात्र शाळांना गूगलची मूळ शैक्षणिक आवृत्ती मोफत मिळते, मात्र शाळेचं स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा नावाचा पत्ता, लागतं, पडताळणी होते, प्रत्येक मुलाचं खातं काढावं लागतं. आणि सोमवारी सकाळी पासवर्ड विसरलेल्यांची रांग लागते. हे काम करणारी एक व्यक्ती नेमून, तिचे चार तास कमी करणार असाल तरच त्यात पडा. संगणकाच्या सरांवर ते वरकड म्हणून टाकलं, तर दिवाळीपर्यंत सगळं थंडावतं.

दुसरी अडचण घरातली आहे. मराठी शाळेतल्या बऱ्याच मुलांच्या घरी चांगला फोन एकच, आणि तो रिक्षा चालवणाऱ्या किंवा सामान पोचवणाऱ्या बाबांबरोबर दिवसभर बाहेर. तो रात्री नऊला घरी येतो. त्यामुळे ठरावीक वेळेचे ऑनलाइन तास अशा मुलांसाठी नसल्यातच जमा. इथे दीक्षा उपयोगी पडतं. २०१७ पासून असलेलं हे सरकारी अ‍ॅप. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं. बाईंनी धडा निवडून सांगावा, बाबा आले की मुलाने बघावा, उत्तर वहीत लिहावं. सगळंच साहित्य सारखं चांगलं नाही, शिक्षकाने आधी स्वतः बघूनच द्यावं.

टेलिग्रामचंही नाव निघतं. मोठ्या फाइली राहतात, नव्याने आलेल्याला जुनं दिसतं, हे खरं. पण तिथे अनोळखी लोक आणि फसवे चॅनल मुलांपासून एका बोटावर आहेत. मी नको म्हणेन.

शिक्षकांच्या फाइलींसाठी मात्र शाळेच्या खात्यातला गूगल ड्राइव्ह आजच घ्या. बदली तासांचा तक्ता एका सामाईक गूगल शीटमध्ये असला की ऐनवेळचा बदल सगळ्यांना तिथेच दिसतो. फळ्याचा फोटो दहा मिनिटांत जुना होतो. शिवाय मुख्याध्यापक निवृत्त झाले तरी कागद शाळेकडे राहतात. यू-डायस प्लस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) किंवा अपार आयडी (विद्यार्थ्याचा सरकारी ओळख क्रमांक) यांच्या कामात मुलांच्या आधार कार्डांचे फोटो स्टाफच्या ग्रुपवर पडतात, ते ताबडतोब थांबवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मुख्य नियम आहे.

तेव्हा शाळा फक्त प्राथमिक असेल तर कम्युनिटी आणि दीक्षा पुरेत, क्लासरूमच्या वाटेला जाऊ नका. माध्यमिक असेल तर पहिलं वर्ष फक्त शिक्षकांनी ड्राइव्ह आणि शीट वापरावं, दुसऱ्या वर्षी नववीची एक तुकडी क्लासरूमवर घ्यावी. ज्या घरात फोन नाही त्या मुलाला तोच गृहपाठ कागदावर मिळेल, हे त्या तुकडीच्या शिक्षकांनी आधीच ठरवून घ्यावं. पालकांची लेखी संमती जूनच्या पहिल्या सभेत घ्या. रात्री फोन कोणाकडे असतो, हेही त्याच अर्जावर विचारा.