वाहन एक, कॅमेरे अनेक: नंबर प्लेट वाचावी की रूप ओळखावे?

एका कॅमेऱ्यात दिसलेले वाहन दुसऱ्या कॅमेऱ्यात तेच आहे का, हे ओळखायचे आहे. चित्रात प्लेटची रुंदी १०० पिक्सेलच्या वर येत असेल आणि शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवता येत असेल, तर प्लेट वाचणेच सरस. पण चौकात उंचावर बसवलेल्या कॅमेऱ्यांत प्लेट जेमतेम दिसते, तीही पुढच्या ट्रकमागे झाकलेली. तिथे वाहनाच्या रूपावरूनच ओळख पटवावी लागते: चित्राच्या चौकटीतून वाहन कापून मॉडेलला (चित्रांवर शिकवलेल्या न्यूरल जाळ्याला) द्यायचे, मिळालेल्या व्हेक्टरमधले (वाहनाचे रूप सांगणाऱ्या आकड्यांच्या यादींमधले) अंतर मोजायचे; अंतर कमी तर वाहन तेच.

मॉडेल निवडताना रेझनेट-५० या ५० थरांच्या जाळ्यापासून सुरुवात करावी. साधारण अडीच कोटी पॅरामीटर (शिकताना ठरणारे आकडे), २५६×२५६ चे चित्र, २०४८ आकड्यांचा व्हेक्टर. शेवटच्या टप्प्यातला स्ट्राइड (चित्रावर सरकण्याचे पाऊल) २ ऐवजी १ केला की फीचर मॅप (जाळ्याने काढलेल्या खुणांचा नकाशा) ८×८ चा १६×१६ होतो आणि काचेवरचे स्टिकर, टपावरचे कॅरिअर असले बारकावे टिकतात. शिकवताना एका बॅचमध्ये (एका वेळच्या गटात) १६ वाहने, प्रत्येकी ४ चित्रे; लॉस म्हणजे चुकीचे माप. ट्रिप्लेट लॉस (एकाच वाहनाची चित्रे जवळ, वेगळ्यांची दूर; त्यांतले किमान अंतर म्हणजे मार्जिन ०.३) आणि वर्गीकरणाचा लॉस एकत्र. शिकवण्याच्या चित्रांत रंगाशी फार छेडछाड करू नये, रंग हीच इथे मोठी खूण आहे.

दुसरा पर्याय व्हिजन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे चित्राचे तुकडे पाडून त्यांचे परस्परसंबंध तपासणारे जाळे. त्याचा बेस आकार साडेआठ कोटी पॅरामीटरच्या पुढे जातो. पॅच (चित्राचा तुकडा) १६ पिक्सेलचा ठेवून स्ट्राइड १२ केला तर तुकडे २५६ वरून ४४१ होतात आणि अटेन्शनचा (तुकड्यांचे एकमेकांशी नाते मोजण्याचा) खर्च जवळपास तिप्पट. व्हेक्टर मात्र ७६८ चाच, त्यामुळे दहा लाख नोंदींना ८ ऐवजी ३ जीबी पुरतात. कॅमेऱ्याचा क्रमांक इनपुटमध्ये देण्याची युक्ती मोहक आहे, पण नवा कॅमेरा जोडला की त्याचे शिकलेले एम्बेडिंगच (त्या कॅमेऱ्याची आकड्यांतली ओळख) नसते.

शिकवण्याच्या डेटाचे म्हणाल तर व्हेईकलआयडी या चित्रसंचात २६ हजारांवर वाहने आहेत, पण फक्त पुढून-मागून टिपलेली. चौकासाठी ७७६ वाहनांचा, २० कॅमेऱ्यांचा व्हेरी-७७६ हा संच अधिक कामाचा.

खरे सांगायचे तर एकाच बनावटीच्या दोन पांढऱ्या गाड्यांपुढे दोन्ही जाळी हतबल होतात. तिथे वेळेची चाळणी लावावी. कॅमेरे ६०० मीटर लांब असतील तर ताशी ६० किमीने ३६ सेकंद लागतात. पाचव्या सेकंदाला दिसलेली गाडी ती नव्हेच. मोठ्या मॉडेलवर खर्च करण्याआधी ही चाळणी लावा, मात्र त्यासाठी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली हवीत.

चाचणी घेताना त्याच कॅमेऱ्यातल्या जोड्या वगळा, नाहीतर एमएपी (अचूकतेचे सरासरी माप) फुगतो. रात्री इन्फ्रारेडमध्ये रंग नाहीसा होतो, म्हणून जुळणीचा उंबरठा (किती अंतरापर्यंत वाहन तेच मानायचे) दिवस-रात्रीसाठी वेगळा ठरवा.