एम3 कॉम्पिटिशन घेताय? रिअर व्हील की एक्सड्राइव्ह, आधी पॉवर लॉसचं गणित बघा

इंजिनपासून चाकापर्यंत जाताना ऑल व्हील ड्राइव्हमध्ये (चारही चाकांना पॉवर) 25 टक्के पॉवर वाया जाते आणि रिअर व्हीलमध्ये (फक्त मागच्या चाकांना) 15, हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की लोक त्याच्यावरच गाडी ठरवतात. बीएमडब्ल्यूच्या जी80 (हा त्या पिढीचा मॉडेल कोड) एम3 कॉम्पिटिशनवर हे छान तपासता येतं, कारण इंजिन तेच, 8 स्पीड ऑटोमॅटिक तोच, पॉवर पण तीच 510 पीएस, फक्त 2021 मध्ये एक्सड्राइव्हचा, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या ऑल व्हील ड्राइव्हचा, पर्याय आला. (2024 च्या फेसलिफ्टला एक्सड्राइव्ह 530 ची झाली, म्हणून त्याआधीच्या गाड्यांचंच बोलतोय.)

510 पीएस म्हणजे साधारण 375 किलोवॅट. त्याचे जादाचे 10 टक्के म्हणजे 37 किलोवॅट, म्हणजे 2 किलोवॅटचे 18 गीझर एकदम चालू, आणि ही सगळी उष्णता कुठे, तर ट्रान्सफर केस (पॉवर पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा) आणि पुढच्या छोट्याशा डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकाला पॉवर वाटणारे गिअर)! ऑटोबानवर पाय दाबून ठेवला तर तेल कधीच जळून जाईल. तसं होत नाही, म्हणजे आकडाच चुकीचा आहे.

होतं काय, तर गिअरच्या दातांमधलं घर्षण टॉर्कच्या प्रमाणात असतं. काही टॉर्क पुढे गेला की पुढे लॉस होतो पण मागच्या डिफरन्शियलवरचा भार तेवढाच कमी होतो, त्यामुळे हा लॉस बराचसा वाटला जातो, त्याची बेरीज होत नाही. खरा जादा खर्च म्हणजे तेल घुसळणं, बेअरिंग, सील आणि ट्रान्सफर केसच्या क्लच प्लेट्सचं ओढणं, जो टॉर्कवर नाही तर मुख्यतः स्पीडवर अवलंबून असतो. म्हणूनच टक्केवारीत बोलायला मला आवडत नाही, ट्यून करून पॉवर दीडपट केली म्हणून हा लॉस दीडपट होत नाही. डायनोवर (रोलरवर गाडी चालवून चाकांची पॉवर मोजणारं यंत्र) जो फरक दिसतो त्यात टायर-रोलरचं घर्षण आणि जादा शाफ्ट फिरवायला लागणारी ताकद पण मिसळलेली असते, त्यातली शाफ्ट फिरवायची ताकद उष्णता होऊन जात नाही.

आता दुसरा लॉस, ज्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही: टायरचा. 650 न्यूटन मीटर फक्त मागच्या दोन चाकांवर, चाक 10 टक्के स्लिप झालं, म्हणजे त्याच्या फिरण्यातलं 10 टक्के नुसतं घसरण्यात गेलं, तर त्या क्षणी चाकाला मिळालेल्या पॉवरमधली 10 टक्के रबर तापवण्यात गेली. कंपनीचे आकडे बघा, 0 ते 100 ला रिअर व्हील 3.9 सेकंद, एक्सड्राइव्ह 3.5, तेही साधारण 50 किलो जड असून. पण एकदा ग्रिपचा प्रश्न संपला की वजन आणि त्या जादा भागांचं ओढणं बोलायला लागतं आणि वरच्या स्पीडला रिअर व्हीलवाली मागे पडत नाही.

एक्सड्राइव्हमध्ये फक्त मागची चाकं चालवणारा 2डब्ल्यूडी मोड आहे, म्हणून दोन्ही गाड्या एकातच मिळाल्या असं समजू नका, कारण रस्त्यावर पुढची चाकं पुढचं डिफरन्शियल फिरवतच राहतात आणि वजन तर कुठेच जात नाही.

पाऊस, बर्फ, सिग्नलवरून सुटणं हे रोजचं असेल तर मी डोळे झाकून एक्सड्राइव्ह घेईन. कोरड्या ट्रॅकवरच मजा करायची असेल तर रिअर व्हील, हलकं नाक स्टीअरिंगला कळतं. आणि एक्सड्राइव्ह सेकंडहँड बघताना पुढचे-मागचे टायर कंपनीच्या मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत ना ते आधी बघा, घेरात फरक असला तर सरळ रस्त्यावर पण ट्रान्सफर केसचा क्लच घासत राहतो.